ओल्या बॅटरीवाले काका

आमच्या घरमालकांचा कोरड्या वस्तूंवर विश्वास नव्हता. भर पावसात ते छत्री घेत नसत. "छत्री गळली की माणूस चिडतो, बाई. छत्रीच नसली तर चिडणार कोणावर?" असं म्हणत आणि डोक्यावरून पाणी निथळत असताना बाजारात निवांत उभे राहून वांगी निवडत. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाच्या काचेआड कायम वाफ धरलेली असे. वेळ विचारली की घड्याळ उजेडाकडे तिरपं धरून अंदाजाने सांगत आणि तो अंदाज बहुतेक वेळा चुकत असे.

सात-आठ वर्षांपूर्वी माझी रोह्याच्या शाळेत बदली झाली आणि मी खोली शोधत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. नवरा कुठे असतो, घरात मासे शिजवणार का, पाहुणे फार येतात का, हे सगळं मला तोवर चार घरमालकांनी विचारून झालं होतं. हे मात्र मागच्या अंगणात धुण्याच्या हौदापाशी उकिडवे बसले होते. हाताला कोपरापर्यंत ग्रीस. हौदाच्या तळाशी राखाडी पाइपाचं काहीतरी धूड पडलेलं.

"पाण्यात बॅटरी टाकली तर काय होईल?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी इतिहास शिकवते. "बिघडेल," मी म्हटलं.

"खोली वर हाय. चावी काकूकडून घ्या," ते एकदम खुशीत येऊन म्हणाले. चुकीचं उत्तर देणारा भाडेकरू त्यांना हवा होता, हे मला पुढे कळलं. बरोबर उत्तर देणाऱ्याला समजावणार काय?

त्या धुडाला ते होडी म्हणत, पण ती पाणबुडी होती. हातभर लांब, रिमोटवर चालणारी, पाण्याखाली जाऊन फिरून परत वर येणारी. काकांनी उभं आयुष्य एका कंपनीत विजेच्या मेंटेनन्सला शिफ्ट करण्यात घालवलं होतं. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, ओसरीवर पेपर वाचतात, सुनांच्या चुका काढतात. काकांनी ड्रेनेजचा पाइप आणून त्याला भोकं पाडायला सुरुवात केली. होडीला नाव का दिलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाव कशाला? ती काय गाय हाय?"

भोकं पाडायला, असं मी उगाच म्हटलेलं नाही. सगळा घोळ त्या भोकांचाच होता. असल्या पाणबुड्या बनवणारे देशभरचे हौशी लोक एका व्हॉट्सॲप ग्रुपवर होते आणि त्या सगळ्यांची एकच धडपड होती, पाणी आत येऊ द्यायचं नाही. बॅटरी, मोटर, वायरी, सगळं एका घट्ट नळीत बंद. काकांचं म्हणणं नेमकं उलटं. पाणी येणारच. आज नाही तर उद्या येणार, आणि चोरासारखं आलं तर सगळं घेऊन जाणार. त्यापेक्षा दार उघडं ठेवा. रिमोटचं नाजूक सामान एका लहानशा डब्यात कोरडं राहू द्या, पण बॅटरी खुशाल पाण्यात भिजू द्या. यूपीएसमध्ये असते तसली काळी सीलबंद बॅटरी ते घेत, टर्मिनलला ग्रीस फासत आणि पाण्याने भरलेल्या पाइपात तशीच ठेवून देत. "बारा व्होल्टाला गोडं पाणी विचारत नाय, बाई. थोडी वीज झिरपते, झिरपू दे. घरात चार माणसं हायत तर चार घास जास्त जाणारच." ग्रुपवर कोणी त्यांना वेडा म्हटलं की ते रागवत नसत. पाण्याखाली चालणाऱ्या होडीचा व्हिडिओ पाठवत आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकत.

म्हणजे ते नेहमी बरोबर असत असं मुळीच नाही. हौदाच्या भिंतीला लागून मेलेल्या बॅटऱ्यांची रांग होती आणि काकू त्यांवर कुंड्या ठेवी. पण एका बाबतीत ते फार काटेकोर होते. पाइपात थर्मोकोलचे तुकडे अशा हिशोबाने बसवत की होडी जेमतेम तरंगावी. मोटर चालू असली की पंखांच्या जोरावर ती खाली जाई आणि मोटर थांबली की आपोआप वर येई. "बंद पडली तर वर आलीच पायजे," ते म्हणत. हे मात्र ते हसत म्हणत नसत.

याचं कारण मला काकूकडून कळलं, आणि तेही उशिरा.

काकू हे एक वेगळंच प्रकरण होतं. खाडीकाठची बाई, आवाज खणखणीत. मला पहिल्या दिवसापासून "गो पोरी" म्हणायची आणि माझ्या भाताला भात मानायला तयार नसायची. पण काकांची होडी हौदात उतरली की ती उठून आत जायची. धुणं अर्धं राहिलं तरी चालेल. काका दर रविवारी निडीच्या पुढे त्यांच्या मूळ गावी जात, तिथल्या तळ्यात होडी चालवायला. स्कूटरवर होडी बांधून झाली की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत, "येतेस काय बघायला?" आत वालाचं बिरडं सोलत बसलेली काकू म्हणे, "वाल कोण सोलणार?" काका मान हलवून निघून जात. मी तिथे होते त्या वर्षांत एकाही रविवारी हा प्रश्न चुकला नाही आणि उत्तरही बदललं नाही. मला वाटायचं, काकूला या खेळण्याचा कंटाळा आहे. कोणाला नसता?

एकदा मीच वाल सोलायला बसले आणि म्हटलं, "काकू, एकदा जाऊन बघा की. बिचारे दर वेळी विचारतात."

तिने सोललेली डाळिंबी वाटीत टाकली. "बुडताना बघवत नाय गो मला," ती म्हणाली.

तिचं माहेर पेणच्या पलीकडे, धरमतरच्या खाडीला लागून. बाप मिठागरात राबायचा. धाकटा भाऊ रेतीच्या होडीवर होता. खाडीच्या तळाशी बुडी मारायची, घमेलं रेतीने भरायचं आणि वर यायचं, दिवसभर तेच काम. एका दुपारी त्याने बुडी मारली आणि तो वर आला नाही. होड्या फिरल्या, जाळी टाकली, सगळं झालं. काही मिळालं नाही. भावाची भाकरी घेऊन काकू त्या दिवशी काठावर आली होती. नवीनच लग्न झालेलं, चार दिवस माहेरी राहायला आली होती. "वर आला की जेवेल म्हणून मी बसून राहिले," ती म्हणाली. "तवापासून खाडीच्या पाण्याला पाय लावला नाय मी."

मला त्या क्षणी काकांचा सगळा खटाटोप एकदम दिसला. थर्मोकोलचे तुकडे, बंद पडली तर वर आलीच पाहिजे हा हट्ट, दर रविवारचा तो प्रश्न. या माणसाला बायकोला एकच गोष्ट दाखवायची होती, खाली गेलेलं वर येतं. आणि तेवढी एक गोष्ट बघायला ती तयार नव्हती. मला त्या दोघांविषयी इतकी माया वाटली की मी चार वाल सालीसकट वाटीत टाकले आणि बोलणी खाल्ली.

मग तळ्यावरचा तो रविवार आला. ग्रुपवरचे एक गृहस्थ पुण्याहून आपली पाणबुडी घेऊन आले होते. फार देखणी, चकचकीत, सगळं घट्ट बंद. मीही मुद्दाम बघायला गेले होते. त्यांच्या पाणबुडीत कुठूनसा एक थेंब शिरला आणि ती मुकी झाली. काकांनी त्यांना आपला टॉवेल दिला आणि म्हणाले, "तुमची नळी चांगलीच हाय. पाण्याला ते म्हायती नव्हतं, एवढंच." गृहस्थांना हसावं की रडावं ते कळेना. पण फुशारकी मारायला काकांनाही फार वेळ मिळाला नाही. त्यांची स्वतःची होडी तळ्यातल्या शेवाळात अडकली. मोटर थांबवली तरी ती वर येईना. काका काठावर दोन मिनिटं उभे राहिले आणि मग सदऱ्यासकट पाण्यात शिरले. सत्तरीला आलेला माणूस! छातीभर पाण्यात त्यांचा पाय घसरला आणि ते दिसेनासे झाले. क्षणभरच. पुण्याचे गृहस्थ आणि मी ओरडत पुढे धावलो, तोवर ते डोक्यावर शेवाळ घेऊन वर आले, होडी छातीशी धरून.

घरी सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण गाव निडीजवळ असलं तरी बातमीला स्कूटर लागत नाही. आम्ही पोचायच्या आधी काकूला सगळं कळलं होतं.

दोन दिवस ती काकांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी खाली चहाला बसले असताना तिने कप जमिनीवर ठेवला आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मी येते बघायला. एकदाच. पन तळ्यावर नाय. माज्या भावाच्या खाडीत. तिथं खाली जाऊन वर आली, तर तुमची होडी खरी. नाय आली, तर परत पाण्याला हात लावायचा नाय तुमी. बाई साक्षीला हायत."

काकांचा चेहरा पडला. त्यांची पद्धत गोड्या पाण्याची होती. खारं पाणी म्हणजे उघड्या बॅटरीचा काळ. मिठाच्या पाण्यातून वीज सैरावैरा पळते, टर्मिनलवर बुडबुडे धरतात आणि धातू बघता बघता खाल्ला जातो. हे ते स्वतः ग्रुपवर शंभरदा बजावत आले होते. बॅटरी बंद नळीत घातली असती तर प्रश्न मिटला असता. मी तसं सुचवलंही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना टोपी घालायला सांगत होते. "तिला फसवायचं काय? माजी होडी जशी हाय तशीच जाईल," ते म्हणाले. मग काकूकडे वळून, "चालेल. भरतीची वेळ बघून जाऊ."

पुढचा आठवडा हौदापाशी गेला. टर्मिनलवर ग्रीस, ग्रीसवर मेणबत्तीचं मेण, मेणावर परत ग्रीस. वायरींचे जोड नवे केले. मी शाळेतून आले की ते मला बोलावून एकेक जोड दाखवत आणि मी समजल्यासारखं हं म्हणे. त्या आठवड्यात त्यांनी एकही विनोद केला नाही.

शेजाऱ्यांची गाडी ड्रायव्हरसकट घेऊन आम्ही निघालो. नागोठणं मागे पडलं, गडबला चहा झाला. काकूने चहा घेतला नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. काका पुढे होडी मांडीवर घेऊन.

काकूचा चुलतभाऊ खाडीच्या बांधावर वाट बघत होता. साठीचा, उघडा, कमरेला पंचा. "काय गो आक्का, किती वर्सांनी!" म्हणाला आणि पाण्याकडे बघू लागला, कारण तिचा भाऊ इथेच बुडाला हे त्यालाही ठाऊक होतं. भरती पुरी चढली होती. पाणी बांधाला लागून स्थिर उभं होतं. लांबवर एक बार्ज माल उतरवून परत चाललं होतं. काकू बांधावर उकिडवी बसली, पाण्यापासून चांगली लांब.

काकांनी होडी सोडली. मोटर घुरघुरली, होडी झोकात निघाली, त्यांनी पंख खाली केले. होडी नाक खुपसायला बघे आणि पुन्हा वर येई. परत प्रयत्न, परत तेच. होडी बुडेचना! काकांनी वळवून आणली, वेग वाढवला, ओठ चावले. होडी आपली बदकासारखी वरच्या वर.

मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! खारं पाणी!" बॅटरीच्या काळजीत ते एक गोष्ट साफ विसरले होते. खारं पाणी जड, ते सगळ्याला उचलून धरतं. गोड्या पाण्यात जेमतेम तरंगणारी होडी इथे खाली जाणं शक्यच नव्हतं. उभ्या जन्मात खाडीत न उतरलेल्या, भातशेतीतल्या माणसाची ही चूक.

काकूच्या चुलतभावाला हसू आवरेना. मला मात्र मोकळं वाटलं. "काका, बरंच झालं की," मी हळूच म्हटलं. "बुडलीच नाही, म्हणजे तुम्ही जिंकलात."

"बुडाल्याबिगर वर येणं कसलं, बाई?" ते म्हणाले. त्यांनी होडी उचलून घेतली आणि वजन म्हणून काही सापडतं का ते बघू लागले. बांधावर दगड नव्हता. सगळा चिखल.

तेवढ्यात काकू उठली. बांधाच्या उतरणीवर बसून तिने दोन्ही हातांनी चिखल उपसला, मिठागराच्या बांधाला लावतात तसा मळून घट्ट गोळा केला आणि काकांच्या हातातल्या होडीच्या भोकांतून आत दाबला. एक गोळा. दुसरा.

"बास गो," काका म्हणाले. "जास्त झाला तर मोटर थांबल्यावर वर नाय येणार."

तिने तिसरा गोळाही दाबला. "जाऊ दे खाली. मी बघते."

होडी पाण्यात ठेवली आणि पुढे जाता जाता शांतपणे खाली गेली. वरून पाणी मिटलं. मी काकूकडे बघितलं. ती बघत होती. डोळे मोठे, तोंडावर पदर, पण नजर हलवली नव्हती.

जिथे होडी गेली तिथून बुडबुडे येऊ लागले. बारीक, एकामागून एक. खाऱ्या पाण्याने बॅटरी गाठली होती. बुडबुड्यांची रेघ थोडी पुढे सरकली, मग एका जागी थांबली. मग बुडबुडेही थांबले.

काका रिमोट दाबत होते. मग त्यांनी दाबायचं सोडलं. होडी बंद पडली होती, आणि चिखलाच्या ओझ्याने तळाशी बसली होती. त्यांचा एवढ्या वर्षांचा तो एक नियम, बंद पडली तर वर आलीच पाहिजे, बायकोच्या हातच्या तीन गोळ्यांनी मोडला होता. ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. "चुकलो गो मी," ते म्हणाले. "आणायलाच नको होतं तुला इथं." मला त्या माणसाकडे बघवेना.

काकूने त्यांचं धोतर धरलं आणि त्यांना ओढून शेजारी खाली बसवलं. "बसा गप," ती म्हणाली. "मागं मी एकटीच बसलेले."

दोघं बसून राहिली. चुलतभावाने विडी पेटवली आणि न ओढता विझवली. ओहोटी लागली. बांधाच्या कडेचं पाणी अंगठाभर उतरलं तेव्हा मीच म्हटलं, निघू या. तेवढ्यात खाडीत, आम्ही बघत होतो त्याहून बरंच पलीकडे, राखाडी पाइपाचं टोक वर आलं. आधी शेपूट, मग सगळी होडी. ती एका कुशीवर पडून मुकाट्याने तरंगत होती.

"चिखल विरघळला," काका पुटपुटले. "पाणी आतबाहेर होतं ना. धुऊन नेलं त्यानं." आणि मग, स्वभाव जाईना म्हणून, "पन बॅटरी मेली हाय. आपल्या जोरावर नाय आली ती. वर आली असं नाय धरता येणार."

"वर आली ना?" काकू म्हणाली.

ओहोटीच्या ओढीने होडी समुद्राच्या बाजूला सरकायला लागली होती. "थांब आक्का, मी होडकं काढतो," चुलतभाऊ म्हणाला. पण काकूने पातळाचा ओचा खोचला होता आणि ती बांधावरून खाली उतरली होती. गुडघाभर चिखल, मग पाणी. काकाही उठले, उतरायला लागले, तशी ती मागे न बघता ओरडली, "तुमी नाय यायचं! तळ्यात काय केलंत ते हाय ध्यानात." कमरेएवढ्या पाण्यात तिने हात लांब केला, होडी धरली आणि पोटाशी घेतली. भोकांतून उरलासुरला चिखल तिच्या पातळावर ओघळला. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही.

आता ती वळेल असं आम्हाला वाटलं. ती वळली नाही. तशीच उभी राहिली, पाठमोरी. मोकळा हात तिने पाण्यात सोडला होता आणि हळूहळू हलवत होती.

काका बांधाच्या अगदी कडेला गेले. "ये ना गो वर," ते म्हणाले. आयुष्यभर पाण्याला न भ्यालेल्या माणसाचा तो आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"येते," काकू म्हणाली. "घाई काय हाय? इतक्या वर्सांनी उतरलेय, बघू तर द्या पाणी कसं हाय."